मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक

ट्रकखाली शिरायचं असेल तर आधी दोन गोष्टी करायच्या. चाकांना पुढून-मागून दगड लावलेत का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, आणि ओढणी काढून पिशवीत ठेवायची. पहिली गोष्ट मला डिप्लोमाच्या वर्कशॉपमध्ये शिकवली. दुसरी माझी मीच शिकले, कळंबोलीत, कामाच्या पहिल्याच आठवड्यात, नवी कोरी ओढणी ग्रीसमध्ये माखून घेतल्यावर.

बायकांच्या जरा वेगळ्या नोकऱ्यांबद्दल अंकात लिहून हवंय, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, माझी नोकरी वेगळी नव्हती, फक्त आडवं पडून करायची होती. मी मोटार सर्व्हेअर होते. अपघात झालेल्या गाडीचं नेमकं काय मोडलं, ते कशामुळे मोडलं आणि मालक सांगतो तसं ते मोडू शकतं का, हे बघून विमा कंपनीला अहवाल द्यायचा. नव्वदच्या दशकात खांदेश्वरला आमचं घर होतं आणि कळंबोलीचा लोखंड बाजार तिथून स्कूटरवर दहा मिनिटांवर. त्यामुळे कंपनीतले साहेब ट्रकच्या केसेस माझ्याकडे ढकलायचे. मोटारगाड्या पुरुष सर्व्हेअर घ्यायचे. त्यांच्या खाली शिरावं लागत नाही.

पहिल्यांदा एका ट्रान्सपोर्टच्या आवारात गेले तेव्हा मालक खुर्चीवरून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "बसा मॅडम. साहेब कधी येतायत?"

"साहेब आलेत," मी म्हटलं आणि बॅटरी घेऊन गाडीखाली गेले. बाहेर आले तेव्हा तो उभा होता आणि खुर्ची रिकामी होती.

लोक नाना तऱ्हेचे भेटत. एकाने केबिनचा डावा कोपरा चेपलेला ट्रक दाखवला आणि अपघात काल दुपारी तळोज्याच्या नाक्यावर झाला असं सांगितलं. मी वाकून पाहिलं तर चेपलेल्या पत्र्याच्या आत कोळ्याचं जाळं, चांगलं घट्ट विणलेलं, त्यात चारपाच माश्या सुकलेल्या. मी विचारलं, "काल दुपारपासून एवढं जाळं?"

तो जराही न डगमगता म्हणाला, "मॅडम, आमच्या खाडीवरचे कोळी लई फास्ट हायेत."

मी हसले, पण अहवालात जाळं लिहिलं. माश्याही लिहिल्या.

सगळंच असं हसण्यासारखं नसायचं. कॉइल म्हणजे पोलादी पत्र्याची भली मोठी गुंडाळी, वजन काही टनांचं. ती ट्रकवर साखळदंडांनी बांधायची आणि खाली लाकडी ठोकळे द्यायचे, असा नियम. एकदा ठोकळ्यांच्या जागी दोन विटा लावून गाडी निघाली. पुढे कुत्रं आडवं आलं म्हणून ड्रायव्हरने ब्रेक दाबला. गाडी थांबली, कॉइल थांबली नाही. ती केबिन फोडून पुढे आली. कुत्रं वाचलं. मी गेले तेव्हा विटांचा लाल चुरा फळ्यांवर तसाच होता. गोदामवाला म्हणाला, बांधायचं काम ट्रकवाल्याचं. ट्रकवाला म्हणाला, माल भरला गोदामवाल्याने. आणि दोघेही म्हणाले, ड्रायव्हरने बघायला नको का? ड्रायव्हर उत्तर द्यायला नव्हता.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. रस्त्यावर अपघात झाला की सगळे ड्रायव्हरकडे बोट दाखवतात, किंवा 'ब्रेक फेल' म्हणून हात झटकतात. पण ब्रेक फेल हे कारण नाही, ते फक्त झालेल्या गोष्टीचं नाव आहे. ब्रेक कोणी, कधी आणि कशासाठी फेल होऊ दिला, तिथून माझं काम सुरू व्हायचं.

आता ज्या केससाठी हे सगळं लिहायला बसले, ती सांगते.

सकाळची वेळ. लोखंडी सळया भरलेला ट्रक कळंबोलीहून तळोज्याकडे निघाला होता. पुलाच्या उतारावर पुढची जीप एकदम थांबली. ट्रकच्या ड्रायव्हरने ब्रेक दाबला. ट्रक सरळ थांबायच्या ऐवजी उजवीकडे ओढला गेला, रस्ता ओलांडून पलीकडे गेला. पलीकडे काशिनाथ नावाचा माणूस सायकल हातात धरून रस्ता मोकळा व्हायची वाट बघत उभा होता. तळोज्याच्या कारखान्यात कामाला, पहिल्या पाळीला निघालेला. तो जागच्या जागी गेला.

ट्रकचे मालक नामदेवशेठ. त्यांचं गाव काशिनाथच्या गावाला लागूनच. सरकारी प्रकल्पात जमिनी गेल्यावर आलेल्या पैशांत कोणी घरं बांधली, कोणी दुकानं टाकली, नामदेवशेठनी ट्रक घेतले. माणूस दुष्ट नव्हता. काशिनाथच्या मयताला ते पुढे होते, दिवसकार्य होईपर्यंत त्या घरी शिधा त्यांच्याकडून गेला. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते वाचून त्यांचं वेगळं चित्र डोळ्यांपुढे येईल.

ड्रायव्हर ज्ञानू शेडगे, पाटण तालुक्यातला. चाळिशीचा, अबोल. बारा वर्षं ट्रक चालवत होता आणि तोवर त्याच्या हातून गाडीला साधा ओरखडाही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी आधी रस्त्यावर गेले. ही माझी सवय होती, गाडी नंतर, रस्ता आधी. उतारावर टायरच्या खुणा स्पष्ट होत्या. उजव्या बाजूला पुढच्या चाकाची रेघ आणि मागच्या जोडचाकांची रुंद, दुहेरी काळी पट्टी. डाव्या बाजूला मात्र फक्त पुढच्या चाकाची एक बारीक रेघ. म्हणजे मागचं डावं चाक ब्रेक लागून घासलंच नव्हतं, ते मोकळं फिरत राहिलं होतं. मी फोटो काढले आणि ट्रक जिथे उभा केला होता त्या पोलीस चौकीच्या आवारात गेले. जुनाट आवार, कुंपण अर्धं पडलेलं.

ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो, हे बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं. टाकीत दाबाखालची हवा असते. पायाने पेडल दाबलं की ती पाइपांमधून प्रत्येक चाकाकडे जाते. तिथे एका गोल डब्यात रबराचा पडदा असतो. हवा पडद्याला ढकलते, पडदा दांड्याला ढकलतो आणि ब्रेक आवळला जातो. एका चाकाचा पडदा फाटला की तिथून हवा सुटत राहते आणि सगळ्याच चाकांचा दाब उतरतो. यावर खरा उपाय एकच, गाडी उभी करायची आणि पडदा बदलायचा. खोटा उपाय असा की त्या एका चाकाकडे जाणारा पाइपच बंद करून टाकायचा. बाकीची तीन चाकं धरतात, गाडी चालते, खेप चुकत नाही. फक्त जोरात ब्रेक मारायची वेळ आली, की बंद चाकाच्या उलट दिशेला ती ओढली जाते.

मी ड्युटीवरच्या हवालदारांना सोबत घेतलं, मागच्या डाव्या चाकाच्या पाइपाचा नट पान्याने उघडला. आत पत्र्याची एक छोटी गोल चकती बसवलेली होती. कात्रीने कापलेली, कडेला जरा वेडीवाकडी. मी ती तळहातावर घेऊन फोटो काढला. मग होती तशी परत बसवली, कारण जप्त गाडीतली वस्तू काढून न्यायचा मला अधिकार नव्हता.

इथे माझी मोठी चूक झाली. त्याच क्षणी हवालदारांना सांगून त्या चकतीचा पंचनामा करून घ्यायला हवा होता. मी म्हटलं, सरकारी तपासणी व्हायची आहेच, त्यांना दिसेल. आणि फोटोत माझा हात आला, चकती आली, नट आला. गाडीचा नंबर आला नाही.

चार दिवसांनी मोजमापं पुरी करायला परत गेले. तो पाइपच तिथे नव्हता. त्या जागी दुसरा होता आणि तो मधोमध फुटलेला होता. सरकारी तपासणी आदल्याच दिवशी होऊन गेली होती. त्या अधिकाऱ्यांनी जे समोर दिसलं ते लिहिलं: पाइप अचानक फुटल्याने ब्रेक निकामी.

मी आवारातूनच नामदेवशेठच्या ऑफिसात गेले.

"शेठ, पाइप बदललात."

त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "मॅडम, या बाजारात एका चाकाचा ब्रेक बंद असलेल्या गाड्या मोजायला बसलात तं संध्याकाल होईल. माझीच एक तुमाला दिसली?"

"दुसऱ्या गाड्यांनी अजून कोणाला मारलेलं नाही."

"मानूस माझ्याच शेजारगावचा व्हता. मला काय वाटत नसंल? पन आता अचानक फुटला म्हटल्यावर कोनाचंच नुकसान नाय. ड्रायव्हर सुटतो, मी सुटतो, तुमची कंपनीपन सुटते."

त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि तेच मला झोंबलं. अपघाताच्या भरपाईचा कायदा वाटतो तेवढा किचकट नाही. कोणाची तरी हयगय सिद्ध झाली पाहिजे. ड्रायव्हरची हयगय झाली तर मालक जबाबदार, कारण ड्रायव्हर त्याच्या कामावर होता. गाडीची निगा राखण्यात हयगय झाली तरी मालकच जबाबदार. आणि मालकाने विमा उतरवलेला, म्हणून भरपाई कंपनीने द्यायची. पण जो बिघाड आधी कोणाला कळूच शकत नव्हता, तो ऐन वेळी झाला असं ठरलं, तर हयगय कोणाचीच नाही. मग घरच्यांना कायद्याने ठरलेली किरकोळ रक्कम मिळते आणि दावा तिथेच संपतो. एका फुटक्या पाइपाने सगळे सुटत होते. अडकत होती फक्त काशिनाथची बायको गुलाबबाई, आणि तिच्या दोन मुली.

मी अहवालात चकती लिहिली. रस्त्यावरच्या खुणाही लिहिल्या. पाइप खरंच फुटला असता तर सगळीच हवा गेली असती, मग एकाही चाकाची खूण रस्त्यावर उमटली नसती. इथे तीन चाकांच्या खुणा होत्या.

कंपनीच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. अहवाल समोर ठेवला, चकतीच्या परिच्छेदाखाली पेन्सिलीने रेघ मारलेली.

"विजयाताई, तुम्ही काम कोणाचं करता?"

"तुमचं."

"मग हा परिच्छेद कशाला? सरकारी अहवालात काही नाही. तुमच्याकडे वस्तू नाही, फोटोत नंबर नाही. काढून टाका, बाकी उत्तम आहे."

"साहेब, मी ती हातात धरली होती."

"विचार करा."

"करून आलेय," मी म्हटलं. त्यानंतर त्या कंपनीचं एकही काम माझ्याकडे आलं नाही. कोणी रागावून बोललं नाही, फक्त फोन यायचा थांबला. घरी नवऱ्याने विचारलं, "टेन्शन आलंय?" मी म्हटलं, "आलंय. पण परिच्छेद राहणार."

भरपाईचा दावा अलिबागच्या कोर्टात उभा राहिला. गुलाबबाईच्या वकिलांनी माझा अहवाल मागवला आणि मला साक्षीला बोलावलं. जायच्या आधी मी एक गोष्ट केली. कळंबोलीत शेडगे जिथे खोली घेऊन राहत होता तिथे गेले. पोलिसांनी त्याच्यावर गुन्हा दाखल केला होता, तो जामिनावर होता, शेठच्याच दुसऱ्या गाडीवर मालाच्या चढउतारावर देखरेख करत होता. त्याचा वकीलही शेठनेच दिला होता. मी काही शिकवायला गेले नव्हते. फोटो पुढे केला आणि एवढंच विचारलं, "शेडगे, ही तुमच्या गाडीतली आहे ना?"

त्याने फोटो बराच वेळ पाहिला. परत दिला. "मॅडम, चहा घ्या," म्हणाला आणि स्टो पेटवायला घेतला. मी चहा घेतला आणि आले.

अलिबागला माझी उलटतपासणी तासभर चालली. कंपनीचे वकील हुशार होते.

"या फोटोवरून गाडी ओळखू येते?"

"नाही."

"हा हात कोणाचा?"

"माझा."

"म्हणजे हातावरून तुमची ओळख पटते, गाडीची नाही." कोर्टात हशा पिकला. "असे पत्र्याचे तुकडे कुठल्याही गॅरेजमध्ये मिळतात?"

"मिळतात."

हवालदारांची बदली झाली होती, त्यांना काही आठवत नव्हतं. रस्त्यावरच्या खुणांबद्दल वकील म्हणाले, त्या दुसऱ्या गाडीच्याही असू शकतात. मी प्रत्येक प्रश्नाला खरं ते उत्तर दिलं, आणि प्रत्येक खऱ्या उत्तराने माझा मुद्दा थोडा थोडा ढासळत गेला. मी कठड्यातून उतरले. पण मनात ठरवलं, वरच्या कोर्टात जावं लागलं तर तिथेही हेच सांगायला यायचं.

मग पुढच्या तारखेला मालकाच्या बाजूने साक्षीला उभा राहिला ज्ञानू शेडगे. पाइप अचानक फुटला, एवढंच त्याने सांगायचं होतं. तसं लेखी म्हणणं त्याच्या सहीने आधीच दिलेलं होतं. मी मागच्या बाकावर बसले होते. गुलाबबाई पुढे, हिरव्या काठाचं लुगडं, थोरल्या मुलीचा हात घट्ट धरलेला.

शेठच्या वकिलांनी विचारलं, "अपघाताच्या आधी गाडीच्या ब्रेकमध्ये काही दोष होता?"

शेडगे गुलाबबाईकडे बघत राहिला. न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला.

"हुता," तो म्हणाला.

वकील घाईने म्हणाले, "म्हणजे अपघाताच्या वेळी अचानक..."

"आचानक न्हाई. धा दिस आधीपासनं. मागच्या डाव्या चाकाचा पडदा फाटला हुता. शेटला सांगितलं. शेट म्हनलं, खेपा हुंदेत, मग बदलू. मिस्त्रीनं चकती घातली. म्या बॅटरी धरली हुती."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि त्याला सांगितलं, तुमच्यावर फौजदारी खटला चालू आहे, इथे बोललेलं तुमच्या विरुद्ध जाऊ शकतं, कळतंय ना?

"कळतंय साहेब. वकिलांनी बी सांगितलंय."

"मग?"

"खरं हाय ते हाय."

नामदेवशेठ मान खाली घालून बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

दुपारच्या सुट्टीत शेडगे व्हरांड्यात एकटाच खांबाला टेकून उभा होता. त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. मी त्याच्याकडे निघाले, तेवढ्यात गुलाबबाई माझ्या पुढून गेली आणि त्याच्या समोर जाऊन थांबली. ती भांडेल, शिव्या देईल असं मला वाटलं. तिचा आवाज अगदी हलका होता.

"तुला म्हाईत व्हता ना?"

"हुतं, ताई."

"धा दिस?"

"व्हय."

"मंग गारी उबी का नाय केलीस?"

शेडगेने तोंड उघडलं, मिटलं. ती वाट बघत थांबली. खरोखर उत्तर हवं असल्यासारखी थांबली. मग मुलीला घेऊन जिना उतरून गेली.

निकाल गुलाबबाईच्या बाजूने लागला. बिघाड अचानक झालेला नाही, ब्रेक जाणूनबुजून बंद ठेवला होता, मालक जबाबदार, भरपाई कंपनीने द्यावी. गंमत पुढेच. नामदेवशेठनी ट्रकच्या दुरुस्तीचाही दावा लावला होता. गाडीची निगा राखली नाही म्हणून कंपनीने तो फेटाळला, आणि त्यासाठी आधार दिला माझ्या अहवालातल्या त्याच परिच्छेदाचा, ज्याच्याखाली पेन्सिलीची रेघ होती. पंधरा दिवसांनी साहेबांचा फोन आला, "विजयाताई, कळंबोलीत एक गाडी आहे, बघता का?" मी म्हटलं, बघते. राग धरून चाकाखालचं काही दिसत नाही.

राहिला शेडगेचा फौजदारी खटला. शेठनी वकील काढून घेतला होता, नोकरीही. मी ओळखीच्या एका वकिलांना गाठलं. ते म्हणाले, दोष मालकाचा होता हे दाव्यात सिद्धच झालंय. नोकरी जाण्याच्या भीतीने गाडी चालवली, वेग जास्त नव्हता, थांबवायचा प्रयत्न केला, हे सगळं मांडू. सुटायची चांगली संधी आहे. तुमची साक्ष घेऊ.

तारखेला मी पनवेलच्या कोर्टात अहवालाची प्रत घेऊन हजर होते. शेडगेची बायको गावाहून आली होती, पदर तोंडाला लावून बाकावर बसली होती. पुकारा झाला. गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर वकील उठायच्या आधीच शेडगे म्हणाला, "कबूल."

वकिलांनी त्याचा हात धरला. त्याने हात हळूच सोडवून घेतला आणि परत तेच सांगितलं. शिक्षा काही महिन्यांची झाली.

शिपाई त्याला न्यायला येईपर्यंत दाराशी पाचेक मिनिटं मिळाली. मला राग आवरला नाही.

"शेडगे, हे काय केलंत? वकील तयार होते, मी आले होते. माझ्या अहवालात सगळं होतं. तुम्ही सुटला असता."

"मॅडम," तो म्हणाला, "तुमी पाइपाचं लिवलं, ते बराबर लिवलं. शेटचं बी बराबर लिवलं. पर त्या बाईनं जे इचारलं, ते मला इचारलं हुतं."

शिपाई आला. शेडगेने बायकोकडून कपड्यांची पिशवी घेतली, तिला पनवेलहून पाटणची एसटी किती वाजता आहे ते सांगितलं आणि शिपायासोबत निघाला.